खजिनदाराच्या वहीतून

तेलोरे पाळक निवडून आले त्या रविवारी
केसांत उरलेला गुलाल उपासना चालू असताना
हळूहळू पांढऱ्या कॉलरवर उतरत राहिला.
करुणाबाई पहिल्या बाकावरून खुणावत होत्या, मानेकडे, मानेकडे.
त्यांना वाटलं, आवाज वाढवायला सांगतेय.
मी मागं, अर्पणाची थैली मांडीवर घेऊन,
हा डाग कोणत्या खात्यात लिहायचा या विचारात.

जागा खुली होती म्हणून उभे तरी राहिले.
राखीव असती तर दाखला कुठला आणणार?
आजोबांनी गोदेच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला
आणि पुढं कधीतरी कागदावरची जात पुसली गेली.
गावकुसाबाहेरचं घर होतं तिथंच राहिलं.

आमच्या चर्चच्या दाराशी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी आहे.
पूर्वी तिच्यात यायचं:
सुनेला दिवस जावेत. याकोबची सुटावी.
आता त्याच पेटीत नळजोडणीचा नंबर,
शौचालयाच्या तुटक्या दाराचा फोटो,
आणि कुणाच्या तरी गिरगिट्या अक्षरात,
‘गल्ली बारा, पाणी पहाटे तीनला, करंगळीएवढं.’
पाळक सगळं एकाच आवाजात वाचतात.
मंडळी सगळ्याला आमेन म्हणते.

साळवेमास्तरांनी पंचकमिटीत विषय काढला.
म्हणाले, तुमचा एक पाय वेदीपाशी, एक गटारात,
वास आत येतो.
पाळक म्हणाले, वास होताच, मास्तर.
आपण खिडक्या लावून गात होतो.
मास्तर दोन रविवार आले नाहीत.
तिसऱ्या रविवारी आले ते सुनेच्या बदलीचा अर्ज घेऊन.

मग तो ठेकेदार.
रबाळ्याच्या बाजूच्या गटाराचं काम त्याचं.
येऊन माझ्याच बाकावर बसला, चप्पल बाहेर काढून,
गीताच्या वेळी उभा राहिला, बसायच्या वेळी बसला,
थैली आली तसं पाकीट आत सोडलं.
चाळीस हजार.
आमचे पत्रे अकरा ठिकाणी गळतात.
मी मोजायच्या आधी पत्रेच मोजले, खोटं कशाला सांगू.

पाळकांनी पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं.
सोमवार गेला. मंगळवार गेला.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
खण मात्र दर वेळी थोडा उघडा दिसे.

बुधवारी रात्री अकराला दार वाजलं.
‘तुमच्याकडं मोठी टेप आहे ना, कंपनीची?’
दिघ्याच्या त्या वळणावर, मोबाइलच्या उजेडात,
एक टोक माझ्याकडं, एक त्यांच्याकडं.
गुडघे टेकलेले पाळक मी पुष्कळदा पाहिलेत.
आकडा वाचण्यासाठी टेकलेले त्या रात्री पहिल्यांदा.
बिलात एकशे चाळीस मीटर होतं.
आम्हाला शहाण्णव सापडलं,
त्यातही शेवटचे चार नुसते खणून ठेवलेले,
एक कुत्री तिथं पिलं घालून बसलेली.

शुक्रवारी बेलापूरला स्थायी समितीत
विरोधात एक हात वर झाला.
बिल मंजूर.
परतताना ते बसमध्ये बोलले नाहीत.
ऐरोलीला म्हणाले, शहाण्णवच होते ना?
मी म्हटलं, शहाण्णव.

पाकीट मीच देऊन आलो.
ठेकेदार पोचपावती देईना,
हसून म्हणाला, दिलंच कुठं होतं मी?
वहीत मात्र दोन्ही ओळी आहेत:
आले चाळीस हजार. गेले चाळीस हजार.
ऑडिटला साळवेमास्तरांनी त्यांच्यावर बोट ठेवलं,
बराच वेळ ठेवलं, मग पान उलटलं.

व्यासपीठाशेजारी निळी बादली असते अजून.
उपदेश लांबला की ती वाजते.

परवा पेटीत चिठ्ठी निघाली. तेच गिरगिटं अक्षर:
‘गल्ली बारा. पाणी आता अडीचला येतं.’
आभार आहेत की तक्रार,
ते लिहिलेलं नव्हतं.
पाळकांनी चष्मा पुसला, दोनदा वाचली.
आम्ही आमेन म्हटलं.